पेट्रोलच्या भावास अनावृत पत्र

इंदिरानगर, बंगळुरू

रा. रा. पेट्रोलचे भाव यांसी,

सा. न. वि. वि.

16 जून 2017 पासून आपण रोज सकाळी 6 वाजता बदलू लागलात, त्याबद्दल उशिराने का होईना, अभिनंदन. आमचा दूधवालाही इतका वक्तशीर नाही. त्याआधी आपण पंधरवड्याने यायचात, कधी दोन-तीन रुपयांचा दणका द्यायचात. मग आम्ही चिडायचो, मोर्चे निघायचे. रोज पंधरा-वीस पैसे वाढू लागल्यावर चिडायचं नेमकं कोणत्या दिवशी, तेच कळेना. आमच्या रागाचे आपण असे काही सुटे करून दिलेत, की खिशात नुसता खुळखुळाट!

एवढे कामसू आपण, पण मतदान जवळ आलं की रजेवर जाता. 2018 मध्ये कर्नाटकात 12 मे रोजी मतदान होतं. 19 दिवस आपण जागचे हलला नाहीत आणि 14 मेला ताजेतवाने होऊन रुजू झालात. उत्तर प्रदेशाच्या वेळी तर नोव्हेंबर 2021 ते 22 मार्च 2022 अशी साडेचार महिन्यांची रजा. परतल्यावर 16 दिवसांत 10 रुपये भरून काढलेत. रजेचा पगार असा वसूल करणं सरकारी बाबूंनाही जमलेलं नाही. आणि मे 2020 मध्ये कच्चं तेल मातीमोल झालं, तेव्हा केंद्राने अबकारी कर 10 रुपयांनी वाढवून आपली तब्येत सांभाळली. आमची कोण सांभाळणार?

जून 2021 मध्ये या शहरात आपण शंभरी गाठलीत. औक्षण करायचं राहिलं, क्षमस्व. त्यानंतर ‘टाकी फुल करा’ हे शब्द माझ्या तोंडी येईनासे झाले. आता मी ‘दोनशेचं टाका’ म्हणतो आणि लिटरच्या आकड्याकडे बघत नाही. डोमलूरला कोथिंबिरीच्या जुडीसाठी स्कूटर काढणारा मी, हल्ली चालत जातो. ऑफिसला जायला मेट्रो धरली. पण ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या! 9 फेब्रुवारी 2025 ला मेट्रोचं कमाल तिकीट 60 रुपयांवरून 90 झालं. ती विजेवर चालते, तरी आपला गुण लागलाच.

बैलांना मात्र आपण चांगले दिवस दाखवलेत. 1973 मध्ये दरवाढीच्या निषेधार्थ वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. सप्टेंबर 2021 मध्ये काँग्रेसचे सिद्धरामय्या आणि शिवकुमार बैलगाडीतून विधानसौधला निघाले. पुढे तेच सत्तेवर आले आणि लोकसभेच्या निकालानंतर 11 दिवसांनी, 15 जून 2024 ला, त्यांच्या सरकारने विक्रीकर वाढवून आपल्याला 3 रुपयांची बढती दिली. मग रस्त्यावर उतरायची पाळी भाजपची. कासरा कोणाच्याही हाती असो, जू आमच्याच मानेवर.

तेव्हा एकच विनंती. निवडणुकीआधी जी रजा घेता, ती नंतरही थोडी लांबवा. मतदान संपलं तरी आम्ही इथेच राहतो.

कळावे. लोभ आहेच, तो कृपया वृद्धिंगत होऊ नये.

आपला,
दोनशेवाला