हवा खायला पाचगणीला

पसरणीचा घाट चढता चढता आत्याने लिमलेटच्या चार गोळ्या संपवल्या आणि जाहीर केलं, "पोचल्यावर आधी जेवण."

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाने अदबीने विचारलं, "सर, तुमचं मॅप आहे ना?"

"नकाशा कशाला रे? गाव ते केवढं!" आत्या म्हणाली.

मॅप म्हणजे मॉडिफाइड अमेरिकन प्लॅन. खोलीच्या भाड्यात ब्रेकफास्ट आणि एक जेवण, बहुधा डिनर. गाव वसवलं साहेबाने, प्लॅन अमेरिकेचा आणि उपाशी सांगलीची आत्या! दुपारचे दोन वाजले होते आणि नेमकी ह्या वेळची भूक पॅकेजात बसत नव्हती. "लंच एक्स्ट्रा," मुलगा म्हणाला, "पण चारला हाय टी आहे, फ्री." जॉन चेसनने १८६०च्या दशकात पाचगणी वसवली ती साहेबलोकांना हवा खायला. आम्हीही चारपर्यंत तीच खाल्ली.

"हाय म्हणजे उंचावरचा?" गाव तेराशे मीटरच्या आसपास, तेव्हा शंका रास्तच होती. आली ती कपभर चहा आणि दोन बिस्किटं. मी ज्ञान पाजळलं, की इंग्लंडात हाय टी म्हणजे गिरणीतून दमून आलेल्या कामगाराचं संध्याकाळचं भरपेट जेवण, मांसाबिंसासकट. नाजूक सँडविचं कुरतडायची तो उमरावांचा आफ्टरनून टी.

आत्याने बशी निरखली. "इथला कामगार संपावर दिसतोय."

डिनरची तऱ्हा आणखी न्यारी. लॅटिनातून फ्रेंचमार्गे आलेल्या ह्या शब्दाचा मूळ अर्थ उपास सोडणं, म्हणजे ब्रेकफास्टच! इंग्रज पूर्वी डिनर दुपारी घेत. बड्या लोकांनी ते सरकवत सरकवत रात्रीवर नेलं.

"म्हणजे सकाळी पारणं, रात्री पारणं," आत्या म्हणाली. "मग मधे उपास घडवतात ते बरोबरच आहे की."

टेबल लँडवर गेलो. नावात टेबल, पण पान कुठेच मांडलेलं नाही. आत्याने पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. एक घोडेवाला घोड्यासकट रेंगाळत आला.

"आज्जी, जेवलासा का?"

आत्या एकदम खुलली. "ये, बस," म्हणत तिने त्याच्या हातावर दोन दशम्या ठेवल्या. तेवढ्यात घोड्यानेही मान पुढे केली.

"तुझं एक्स्ट्रा रे," आत्या त्याला म्हणाली.