निवड समितीची निवड

गावोगावच्या कलादालनांत हल्ली परीक्षक नेमून स्थानिक चित्रकारांची समूह प्रदर्शनं भरतात. प्रवेशशुल्क परत मिळत नाही; नाकारलेलं चित्र मात्र तत्परतेनं परत मिळतं, तेही स्वखर्चानं न्यायचं. निवडलेल्यांत वाड्याचा दरवाजा, बनारसचा घाट आणि अमूर्त गणपती हमखास. (अमूर्त असला तरी सोंड ओळखू येते, नाहीतर विकणार कसा?) पारितोषिकाचं चित्र परीक्षकांच्याच शैलीतलं वाटलं, तर त्याला परंपरा म्हणायचं. उद्घाटक ‘मला चित्रातलं काही कळत नाही’ असं प्रांजळपणे सांगतात आणि मग त्याच विषयावर अर्धा तास बोलतात. पुढे शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो; सगळ्यांची पाठ चित्रांकडे.

पॅरिसच्या ‘सलों’ या चित्रप्रदर्शनात १८६३ साली परीक्षकांनी इतकी चित्रं नाकारली, की तिसऱ्या नेपोलियननं नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं. लोक हसायला गेले. तिथं चित्रकार एद्वार माने होते (आपले साताऱ्याचे नव्हेत). आपल्याकडे तशी सोय नाही. म्हणून रविवारी दालनात गेलात, तर ऑफिसामागच्या खोलीतही डोकावा. नाकारलेली चित्रं बहुधा तिथंच भिंतीला टेकवलेली असतात, आणि ती बघायला तिकीट नाही.