रेडिएटर बदलून देणाऱ्या गॅरेजमालकांस अनावृत पत्र

सनीवेल, कॅलिफोर्निया

परमादरणीय गॅरेजमालक महोदय यांसी,



आमच्या गाडीची आपण जी सेवा केलीत, तिची परतफेड पैशांत होण्यासारखी नाही. पैसे आपण तरीही घेतलेत, तो भाग वेगळा. कूलंटची टाकी सारखी खालच्या रेघेच्याही खाली जाते, एवढंच मी सांगितलं आणि आपण बॉनेट पुरतं न उघडताच निकाल दिलात, "रेडिएटर गेला." धन्य ती नजर! नाडी बघणारे वैद्यही निदान मनगट तरी हातात घेतात.

नवा रेडिएटर बसला, गळती जिथल्या तिथे राहिली. पण आपण खचला नाहीत. थर्मोस्टॅट बदललात, वरचा होज बदललात. आपल्या उत्साहाला तोड नाही, आणि बिलालाही.

आपण मनाचेही फार मोठे. आमच्या गाडीत गुलाबी कूलंट होतं, त्यात आपण हिरवं ओतलंत. "सगळं सारखंच," म्हणालात. प्रत्येक प्रकारच्या कूलंटमधली गंजरोधक रसायनं वेगळी असतात, भलती सरमिसळ झाली तर इंजिनाचं संरक्षण कमी होतं, गाडीच्या पुस्तकात कोणतं घालायचं ते छापलेलं असतं. असल्या क्षुल्लक गोष्टींनी आपली समदृष्टी ढळली नाही, याबद्दल अभिनंदन.

मग ती बाटली. कूलंटमध्ये ओतली की गळती आतून बुजते म्हणे! गळती बुजली नाही, हीटर बुजला. हीटरच्या जाळीतल्या नळ्या किती बारीक असतात, हे आपल्याला कोणी सांगितलं नसावं. ऐन जानेवारीत आय-८० वरून डॉनर समिटकडे चढताना, सुमारे ७,२०० फुटांच्या त्या घाटात, मागच्या सीटवर माझी आई शाल गुंडाळून कुडकुडत होती आणि समोर तापमानाचा काटा वर वर सरकत होता. एकाच गाडीत माणसं गारठवायची आणि इंजिन उकळवायचं, हे कसब आपलंच.

"कमी झालं तर पाणी घालत जा," हा आपला सल्ला तर सोन्याने मढवावा असा. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण उणे ३७ अंश सेल्सियसच्या आसपास गोठतं. नुसतं पाणी शून्यालाच गोठतं, आणि गोठताना फुगून इंजिनाचा ब्लॉक फोडू शकतं. टाहो तलावाकाठच्या थंडीत उघड्यावर रात्र काढणाऱ्या गाडीला याहून प्रेमळ निरोप तो कोणता?

शेवटी आपण गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "हेड गास्केट. इंजिन उघडावं लागेल." महोदय, त्यासाठी एक निळा द्रव मिळतो. इंजिन चालू ठेवून कूलंटच्या तोंडावरची हवा त्यातून ओढायची. हेड गास्केटमधून जळालेला वायू येत असेल तर निळ्याचा पिवळा होतो. काही मिनिटांचं काम. पण हजारो डॉलरच्या विचारात असलेल्या माणसाला असल्या किरकोळ चाचण्यांसाठी कोण छळणार?

आपल्या व्यवसायबंधूंपैकी दुसऱ्या एकाने मात्र फारच साधेपणा केला. थंड इंजिनावर, झाकणाच्या जागी हातपंप बसवला. झाकणावर छापलेल्या दाबापर्यंत, म्हणजे साधारण १५ पौंडांपर्यंत, हवा भरली आणि वाट बघितली. काटा उतरू लागला. मग त्याने बॅटरी आणि लहान आरसा माझ्या हातात दिला. वॉटर पंपाच्या पुलीमागे एक बारीक भोक होतं आणि त्याखाली वाळलेला गुलाबी-पांढरा ओघळ. पंपाचं आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर ठिबकावं, म्हणून ते भोक गाडी बनवतानाच ठेवलेलं असतं. मेकॅनिकला कळावं म्हणूनच ठेवलेलं असतं, महोदय!

"जुन्या गाड्या गळायच्याच," ही आपली वेदान्ती वृत्तीही वंदनीय. जनरल मोटर्सच्या गाड्यांत १९९५ पासून नारिंगी डेक्स-कूल आलं, आणि पुढे कित्येक मालकांच्या इनटेक मॅनिफोल्डची गास्केटं गळू लागली. ते मालक 'नशीब' म्हणून गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले. २००८ साली तडजोड होऊन अनेकांना ५० ते ८०० डॉलरपर्यंत भरपाई मिळाली. गळतीला जागा असते आणि कारणही असतं, म्हणूनच ती दाखवून दाद मागता येते.

आणि एका बाबतीत मला आपले आभार मानवत नाहीत. ते कूलंट महिनोन्‌महिने आमच्या ड्राइव्हवेवर ठिबकत होतं. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी करतं. मांजराचा जीव जायला चमचाभरही पुरतं. २०१२ च्या डिसेंबरमध्ये इथल्या उत्पादकांनी देशभर त्यात कडू द्रव्य घालायचं मान्य केलं, पण कडू झालं म्हणून विष उतरत नाही. शेजाऱ्यांचा कुत्रा रोज त्याच फरशीवर लोळतो. मी आपल्याला हे सांगितलं होतं. आपण हसलात.

आता एकच नम्र विनंती. या राज्यात काढलेला सुटा भाग ग्राहकाने काम देतानाच मागितला, तर तो सहसा परत द्यावा लागतो. मी मागितला होता, एस्टिमेटवर तसं लिहिलेलंही आहे. माझा जुना रेडिएटर मला द्या. हातपंपवाल्या गृहस्थांशी बोलणं झालंय, ते त्यात १५ पौंड दाब भरून बघणार आहेत. आपणही यावं. काटा जागचा हलला नाही, तर नव्या रेडिएटरचे पैसे घेऊनच या.

आपली,
एक ग्राहक