प्रश्नांची वेळ कुणी खाल्ली?

व्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिकेवर सगळ्यांची नावं असतात. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, स्वागतोत्सुक, विनीत. ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला, त्या श्रोत्याच्या वाट्याला तळाची एक ओळ येते : कृपया दहा मिनिटे आधी स्थानापन्न व्हावे.

तो होतो. सहाचा कार्यक्रम साडेसहाला सुरू होतो. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, ईशस्तवन, प्रास्ताविक. मग सत्कार : शाल, श्रीफळ, पुस्तक, आणि फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा एकदा शाल. मग परिचय, म्हणजे पुरस्कारांची यादी. वक्ता उभा राहतो तेव्हा सव्वासात झालेले असतात. तो जीव ओतून बोलतो. त्यानंतर अध्यक्ष तेच भाषण आपल्या शब्दांत पुन्हा सांगतात. नऊला हॉल रिकामा करायचा असतो. सूत्रसंचालक माइक हातात घेतो : "वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येत नाहीत, क्षमस्व."

पाचव्या रांगेत एक कॉलेजातली मुलगी असते. वहीचं पान टिपणांनी भरलेलं, कोपऱ्यात एक प्रश्न लिहिलेला, खोडलेला, पुन्हा नीट लिहिलेला. ती वही मिटते आणि बस पकडायला निघते. माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे. शालीला वेळ होता, तिला नव्हता.

चिठ्ठीवर प्रश्न मागवण्याची पद्धत तर मला मुळीच मान्य नाही. चिठ्ठ्या आयोजकाच्या हातात जातात, अडचणीच्या चिठ्ठ्या खाली राहतात आणि "आपल्याला ही प्रेरणा कुठून मिळाली?" एवढंच वर येतं.

महाराष्ट्राला हे शोभत नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. म्हणजे व्याख्यान ऐकण्याची सवय आपल्याला दीडशे वर्षांची आहे. उलट विचारण्याची सवयही तितकीच जुनी आहे. याच रानड्यांनी १८८५ च्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना पाठवलं. फुल्यांनी नकाराचं पत्र धाडलं. सर्व माणसांचे हक्क खुशीने, उघडपणे द्यायची ज्यांची तयारी नाही, त्यांच्या सभांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्याचा आशय. त्या सभेत कोण काय बोललं हे आज फारसं कुणाला आठवत नाही. पत्र मात्र अजून वाचलं जातं.

पुढे लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने आपल्या १९३६ च्या परिषदेसाठी डॉ. आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषणाचा मसुदा वाचून आयोजक बिचकले, बदल मागू लागले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद बारगळली आणि त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापून लोकांपुढे ठेवलं. व्यासपीठ नाकारलेलं ते भाषण आज जगभर अभ्यासलं जातं. अडचणीचं बोलणं टाळणाऱ्या प्रत्येक आयोजकाने हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

आणि गाडगेबाबा! कसली शाल, कसला परिचय. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारायचे. कर्ज का काढता, दारू का पिता, देवापुढे बकरं का कापता. लोक जागच्या जागी उत्तर देत, बाबा त्या उत्तरावर पुढचा प्रश्न टाकत. श्रोत्यांशिवाय ते कीर्तन पुढे सरकूच शकत नव्हतं. आजच्या व्याख्यानाचं तसं नाही, रिकाम्या खुर्च्यांपुढेही ते जसंच्या तसं पार पडेल.

कार्यशाळांची गत आणखी वाईट. नाव कार्यशाळा, प्रत्यक्षात पडद्यावरच्या स्लाइड, मधे जेवण, शेवटी प्रमाणपत्र. चित्रकलेच्या कार्यशाळेत रंगाची ट्यूब उघडत नाही, नाटकाच्या कार्यशाळेत कुणी खुर्चीवरून उठत नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट यांनी चालवलेल्या चित्रपट रसास्वाद वर्गाची ख्याती वेगळी होती. सतीश बहादूर आणि पी. के. नायर यांच्यासारखी माणसं त्यामागे होती. आधी सिनेमा बघायचा, मग त्यावर बोलायचं, तेही काही आठवडे, रोज. तिथून बाहेर पडलेल्या अनेकांनी गावोगाव फिल्म सोसायट्यांना बळ दिलं. घाईत उरकलेल्या कार्यशाळेतून एवढं काही उभं राहणार नाही.

आयोजकांची एक तक्रार खरी आहे. माइक हातात आला की काही ज्येष्ठ मंडळी प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचं व्याख्यान सुरू करतात. त्याला उपाय आहे. माइक स्वयंसेवकाच्या हातात राहू द्या, प्रत्येकाला एक मिनिट, आणि पहिले दोन प्रश्न पंचवीस वर्षांखालच्यांचे. ज्येष्ठांनी एवढं मनावर घ्यावं, त्यांचा मान कमी होत नाही.

वेळ कुठून आणायचा? सत्कारातून. वक्त्याला फूल द्या, खुर्चीवर बसवा, बोलू द्या. परिचय पत्रिकेवर छापा. अध्यक्षीय समारोप बंद करा, अध्यक्षांनी पहिला प्रश्न विचारावा.

उन्हाळ्याच्या व्याख्यानमालांची आखणी बरीच आधी सुरू होते. तुमच्या गावात, पेठेत, सोसायटीत अशी माला असेल तर पत्रिका छापखान्यात जाण्याआधी कार्यवाहांना गाठा आणि वक्त्याच्या नावाखाली ठळक अक्षरांत एक ओळ घालायला लावा : प्रश्नोत्तरे ३० मिनिटे. ती ओळ छापली गेली, की पाळली जाते का हे बघायला त्या दिवशी आवर्जून हजर राहा, आणि प्रश्न लिहून आणा.