टाचणी आणि लाल दिवा

"वहिनी, कोपऱ्यावरच्या बंगल्यात आज एवढी शांतता कशी हो? ना मालिका, ना नातवाचं कार्टून!"

"माई, म्हणजे तुम्हाला कळलंच नाही? नेट बंद पडलंय त्यांचं. आणि जावईबापूंनी ते आणखी बंद पाडलंय."

"काहीतरीच! ते तर पुण्याला आयटीत आहेत ना?"

"म्हणून तर! सासूबाई म्हणत होत्या, नेटवाल्या मुलाला फोन करू. जावईबापू म्हणाले, मी असताना? घेतली टाचणी, राउटरच्या मागच्या बारीक भोकात घातली आणि धरली दाबून."

"मग? बंद करून चालू करावं म्हणतातच की."

"अहो, ते बटण बंद करून लावणं वेगळं. त्यात आतलं सगळं जागच्या जागी राहतं. हे रिसेट. वायफायचं नाव गेलं, पासवर्ड गेला आणि कनेक्शन देताना मुलानं भरलेला आयडीसुद्धा पुसला गेला. तो भरल्याशिवाय आपल्या गल्लीतलं नेट चालत नाही."

"अरे देवा! मग भरायचा की पुन्हा."

"भरणार कुठून? जावईबापू १९२.१६८.१.१ टाकून सेटिंगच्या पानापर्यंत पोचले. पीपीपीओईचं यूजरनेम, म्हणजे तोच आयडी, काय, म्हणून सासूबाईंनाच विचारतात! त्या म्हणाल्या, मला गॅसचा ग्राहक क्रमांक पाठ आहे, तो चालेल का?"

"हाहा! पण मुळात बिघडलं काय होतं?"

"शेवटी तो मुलगा आलाच. आल्या आल्या आधी दिवे बघितले. एलओएसचा लाल! म्हणजे बाहेरून फायबरमधून उजेडच येत नाही. राउटरला कितीही टोचा, उपयोग शून्य. कपाट सरकवताना वायर भिंतीशी चेपली होती. आत काचेचा तंतू असतो, काटकोनात मुडपला की संपलं. ती सरळ केली, लाल दिवा गेला. आता आयडी ऑफिसातून मिळायचाय आणि ऑफिस उघडणार उद्या!"

"कपाट कुणी सरकवलं?"

"ते मी विचारलं नाही. जावईबापू समोरच होते."

"आमच्याकडे दिवे ठीक असतात हो, पण मागच्या खोलीत नेट रडतं."

"वायफायची नावं दोन दिसतात ना? ५जी लिहिलेलं सोडा, त्या खोलीत दुसरं लावा. ५ गिगाहर्ट्झ जवळ पळतं, पण भिंती आल्या की दमतं. २.४ हळू चालतं, पण पोचतं. मोबाइलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही बरं का."

"आणि फोन केला की नुसतं 'बघतो' म्हणतात, त्याचं काय?"

"तक्रारीचा डॉकेट नंबर मागायचा. दूरसंचार नियामक ट्रायचा २०१२ चा नियम आहे, द्यावाच लागतो. तरी हलले नाहीत, तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जायचं. त्याला पैसे पडत नाहीत."

"बरं झालं सांगितलंत. आत्ताच जाऊन दिव्यांचा फोटो काढून ठेवते. नेट चालू असताना कुठला दिवा कसा दिसतो, ते माहीत असलेलं बरं."

"काढा, काढा. आणि माई, तसंच जाता जाता तुमच्या वायफायचा पासवर्ड सांगा ना. आमचा प्लॅन काल संपला, ह्यांना रिचार्जची आठवणच नाही राहिली."

"अस्सं! तरीच म्हटलं, आज सकाळपासून कुंपणाशी कशा!"