महिन्याला एक पुस्तक : आंजर्लेकरांसाठी मार्गदर्शिका

वाचनाचं चॅलेंज दोघींनी घ्यावं. एकटीने घेतलेलं मोडलं तर कोणाला कळत नाही, आणि कोणाला न कळता मोडण्यात काही मजा नाही. तिघींनी घेतलं तर तिसरी खरोखर वाचते आणि उरलेल्या दोघींना तोंड दाखवायची सोय राहत नाही. म्हणून दोघी. त्यांची ओळख शाळेपासूनची असेल तर उत्तम, कारण ‘वाचलं गं’ हे पूर्ण खोटं आहे की अर्धं, हे मग नुसत्या आवाजावरून कळतं.

नमुन्यादाखल आंजर्ल्यातल्या दोन मैत्रिणी घेतल्या आहेत. एक शाळेतून निवृत्त, गाव त्यांना बाई म्हणतं. दुसरीची सुपारीची वाडी आहे आणि वाडीतच पाहुण्यांसाठी राहण्या-जेवणाची घरगुती सोय. येणारेजाणारे त्यांना काकू म्हणतात. एकमेकींना दोघी ‘अगं’ म्हणतात. नावं मुद्दाम देत नाही. आपल्याबद्दलच लिहिलंय असं वाटणाऱ्या गावात बऱ्याच निघतील.

पहिला नियम असा की चॅलेंज जानेवारीत सुरू करू नये. बारा महिने, बारा पुस्तकं ही कल्पना ज्याने काढली त्याच्याकडे आंब्याचं एकही कलम नसणार. जानेवारीत मोहोर आणि फवारणी. माघात कड्यावरच्या गणपतीचा उत्सव. त्यानंतर किनाऱ्यावर कासवांची पिल्लं समुद्रात सोडायचे दिवस येतात. पिल्लं सकाळ-संध्याकाळ निघतात, म्हणजे ती बघायला आलेल्या पुण्यामुंबईच्या मंडळींना पहाटे चहा लागतो आणि रात्री गरम जेवण. शिमग्याला पालखी दारात. एप्रिल-मे आंब्याच्या पेट्यांचे आणि चाकरमान्यांचे. मेच्या शेवटी आगोट : लाकूडफाटा, मसाले, पापड, सगळं पावसाच्या आत. पाऊस आला की लावणी, तिच्या पाठोपाठ गणपती, मग कापणी, मग दिवाळी, आणि दिवाळीपासून थर्टीफर्स्टपर्यंत पुन्हा पाहुणे.

हे पंचांग नीट पाहिलं तर वाचनाला वर्षात एकच मुहूर्त निघतो : लावणी उरकल्यापासून गणपतीची साफसफाई सुरू होईपर्यंत. बारा पुस्तकं तेवढ्यातच बसवायची आहेत. बाईंनी हे गणित फळ्यावर मांडून पाहिलं असतं, पण फळा आता शाळेकडे आहे.

वीज गेली की वाचता येतं, असंही कोणी सुचवतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोलीच्या किनाऱ्यावर वीज गेली ती बरेच दिवस आली नाही. फोन बंद, टीव्ही बंद. सगळ्यांनी वाचायलाच हवं होतं. पण डोक्यावरचं छप्पर उडालेलं, पोफळी वाडीत आडव्या पडलेल्या, आणि पुस्तकं भिजून एकाला एक चिकटलेली. हा उपाय या मार्गदर्शिकेत धरलेला नाही.

आता पुस्तकाची निवड. शहरातल्या चॅलेंजमध्ये दर महिन्याला एक विषय असतो : जानेवारीत प्रवासवर्णन, फेब्रुवारीत प्रेमकथा, मार्चमध्ये निळ्या मुखपृष्ठाचं काहीतरी. आंजर्ल्यात एवढा खटाटोप नको. तालुका सोडायचा नाही, एवढा एकच नियम बाईंनी घातला. काकूंना आधी वाटलं की दोन महिन्यांत पुस्तकं संपतील आणि आपण सुटू. पण दापोली तालुक्याने लिहिण्याच्या बाबतीत मुळीच दयामाया दाखवलेली नाही.

शेजारचंच मुर्डी घ्या. श्री. ना. पेंडसे तिथे १९१३ साली जन्मले, लहानपणीच मुंबईला गेले, पुढे बेस्टमध्ये नोकरी केली, आणि मुंबईत बसून आयुष्यभर इकडच्याच माणसांबद्दल लिहीत राहिले. ‘एल्गार’, ‘हद्दपार’, ‘गारंबीचा बापू’, ‘रथचक्र’, आणि १९८७ साली दोन खंडांचं ‘तुंबाडचे खोत’. एवढ्या एका लेखकावर दोघींचं वर्ष निघालं असतं. त्यात भर म्हणून पालगडचे साने गुरुजी, मुरूडचे धोंडो केशव कर्वे, आणि मूळ गाव चिखलगाव म्हणून लोकमान्य टिळक. ‘गीतारहस्य’ यादीत घ्यायचं की नाही यावर दोघींचं एक चर्चासत्र झालं. ते घेतलं तर ‘तुंबाडचे खोत’ हलकं वाटेल, असं बाईंचं म्हणणं. काकू म्हणाल्या, घेऊ, पण शेवटच्या महिन्याला ठेवू. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या सगळ्या खोल्या भरलेल्या असतात हे बाईंना ठाऊक होतं.

इथे अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट नोंदवायला हवी. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात १९१० ते ११ च्या हिवाळ्यात सुमारे पाच महिन्यांत लिहिलं. म्हणजे या तालुक्याला बाहेरची कामं बंद झाल्याशिवाय अक्षर सुचत नाही. जो उपाय लिहिण्याला लागू तोच वाचण्यालाही लागू असणार. बाईंनी हा निष्कर्ष काकूंना ऐकवला. त्यावर काकूंचं उत्तर शब्दशः असं :

“मग मला टाका ना आत. तिकडे निदान स्वयंपाक दुसरं कोणीतरी करतं.”

‘श्यामची आई’मध्ये प्रकरणांना रात्री म्हटलेलं आहे, आणि त्या बेचाळीस आहेत. रोज एक रात्र वाचली तर महिना पुरत नाही. गुरुजींना लिहायला जितके दिवस लागले त्याच्या आठपटीहून जास्त दिवस वाचायला लागणं शोभत नाही, असं बाई म्हणाल्या. काकूंनी हिशेब मानला नाही. “त्यांना लिहिताना मधेच कोणी हाक मारून सोलकढी मागितली का?” हा प्रश्न साहित्यसमीक्षेत याआधी कोणी विचारल्याचं दिसत नाही.

वाचण्याची पद्धत. निवृत्त माणसाने सकाळी आंघोळ करून, ओटीवरच्या झोपाळ्यावर, हातात पेन्सिल घेऊन वाचावं. महत्त्वाच्या वाक्याखाली रेघ मारावी. चाळीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेल्या हाताला रेघ मारण्यासारखं काहीतरी प्रत्येक पानावर सापडतंच. खानावळ चालवणाऱ्या बाईने मात्र वेगळं तंत्र अंगी बाणवायला हवं. नारळ खवताना वाचता येत नाही, हे आधीच सांगतो; तसा प्रयत्न करू नये. उकड काढल्यावर ती मळण्याजोगी होईपर्यंत साधारण एक पान होतं. मोदक वाफायला ठेवले की दोन पानं. पातेल्यावर कान आणि पुस्तकावर डोळा, ही सवय दोन महिन्यांत जमते. खूण म्हणून गॅस सिलिंडरची पावती ठेवावी. ती सगळ्यात टिकाऊ असते आणि पुढचा सिलिंडर कधी लावायचा हेही त्यावरून कळतं. पानांना तेलाचे आणि गुळाचे डाग पडतील. बाईंचं पुस्तक आणलं असेल तर ते परत करण्याआधी वर्तमानपत्राचं कव्हर घालावं. डाग लपत नाहीत, पण आपण प्रयत्न केला हे दिसतं.

पावसाळ्यात पुस्तकांत वेखंडाचे तुकडे ठेवावेत, नाहीतर कसर आपल्याआधी चॅलेंज पूर्ण करते.

चर्चा हा चॅलेंजचा गाभा. ती दुपारी तीनच्या सुमाराला करावी, पाहुणे जेवून आडवे झालेले असतात तेव्हा. जिचं वाचून झालेलं नाही तिने बोलायला सुरुवात करावी, म्हणजे पुढे आपल्याला काही विचारलं जात नाही. सुरुवात नेहमी लेखकाच्या चरित्राने करावी. काकू ‘गारंबीचा बापू’च्या महिन्यात “मुर्डीचे ना हे?” इथून निघाल्या आणि मुर्डीत कोणाकोणाचं लग्न कसं जमलं इथे पोचल्या. पाऊण तास पुस्तकाचं पान उघडावं लागलं नाही. सिनेमा पाहिलेला असेल तर आणखी सोपं. ‘बापू’ १९८० साली पडद्यावर आला, त्यात काशिनाथ घाणेकर होते, आणि घाणेकरांबद्दल या वयाच्या कोणत्याही दोन बाया कितीही वेळ बोलू शकतात.

बाईंनी मग शिक्षकी आवाज काढलाच. “घाणेकर पुरेत. बापू आणि राधा यांना गावाने जे वागवलं त्याबद्दल बोल.”

“काय बोलायचं? गावाने नावं ठेवली. आपल्या गावात असती तर आपणही ठेवली असती.”

“मी नसती ठेवली.”

“तू मोठ्याने नसती ठेवली.”

अशा वेळी हरलेल्या बाजूने उठून चहा टाकावा. बाईंनी टाकला. चहा घेताना त्यांनी विचारलं, म्हणजे पुस्तक आवडलं की नाही? काकू म्हणाल्या, आवडलं म्हणूनच तर सांगते. त्या महिन्याचं पुस्तक दोघींपैकी काकूंनीच पूर्ण वाचलं होतं, हे बाईंच्या तेव्हा लक्षात आलं. स्वतः त्या मधल्या काही प्रकरणांवर रेघा न मारताच पुढे गेल्या होत्या.

‘तुंबाडचे खोत’ घ्यायचं असेल तर पुतण्या-भाच्यांपासून सावध राहावं. काकूंचा भाचा मुंबईहून आला होता. पुस्तक पाहून तो आनंदाने म्हणाला, मामी, हे मी पाहिलंय, यात हस्तर आहे. २०१८ च्या ‘तुंबाड’ सिनेमाचं नाव पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलं, पण गोष्टीचा खोतांशी संबंध नाही. हे त्याला माहीत नव्हतं, आणि काकूंनाही नाही. त्यांनी पहिला खंड हस्तरची वाट पाहत काढला. दर पंधरा दिवसांनी बाईंना विचारायच्या, “अगं, तो राक्षस कधी येतो?” बाईंनी थोडे दिवस खुलासा केला नाही, कारण वाट पाहणारा माणूस वाचत राहतो, हे त्यांना शाळेतल्या मुलांवरून माहीत होतं. शेवटी सांगितलं तेव्हा काकू रागावल्या नाहीत. खेडच्या जगबुडीकाठी एवढे खोत असताना राक्षस वेगळा कशाला, असं त्यांचं मत पडलं. दोन्ही खंडांवरचं इतकं थोडक्यात परीक्षण माझ्या वाचनात नाही.

गुण देण्याच्या पद्धतीवर एकमत होणं कठीण. बाई दहापैकी देतात आणि साडेसातच्या वर जात नाहीत. कर्व्यांच्या ‘आत्मवृत्ता’लाही त्यांनी सातच दिले. सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा मुरूडहून साताऱ्याला पायी गेला आणि लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू दिलं नाही, एवढा प्रसंग त्यात असूनही. काकूंच्या वर्गवाऱ्या तीनच : परत वाचीन, परत वाचणार नाही, बहिणीला पाठवीन. ‘आत्मवृत्त’ बहिणीला गेलं. ते पाठवताना काकू एवढंच म्हणाल्या की तो मुलगा साताऱ्याला चालत गेला, आणि मला लोक फोन करून विचारतात, तुमच्या दारापर्यंत गाडी येते का.

मग एका दुपारी काकूंनी यादीच हातात घेतली. पेंडसे, गुरुजी, कर्वे, टिळक. “यात बाई एक नाही,” त्या म्हणाल्या. “बाई म्हणजे मी आहे ना,” असं म्हणायचा मोह बाईंना झाला असावा, पण प्रश्न बरोबर होता. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी दोन नावं वाढवली. एक कर्व्यांच्या सूनबाई इरावतींचं ‘युगान्त’, १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं पुस्तक. दुसरं कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचं ‘माझे पुराण’. काकूंनी दुसरं आधी उचललं. मोदक, आमरस, आंबोळ्या सगळं सांभाळून ते महिन्याच्या आत संपवलं, आणि चर्चेच्या दिवशी पहिल्यांदाच चरित्रापासून सुरुवात केली नाही.

“घरात थोर माणूस असला, की चूल कोणी पेटती ठेवली हे कळायला बायकोचं पुस्तक लागतं,” त्या म्हणाल्या. बाईंनी त्या वाक्याखाली रेघ मारायला पेन्सिल उचलली. वाक्य पुस्तकात नव्हतं, म्हणून वहीत लिहून ठेवलं.

शहरातली चॅलेंजं कोणी पहिलं आलं हे जाहीर करतात. आंजर्ल्याचा निकाल असा की वर्षअखेर बाईंची सात पुस्तकं झाली आणि काकूंची सहा. बाईंनी सकाळच्या निवांतपणात वाचली, काकूंनी उकड आणि वाफ यांच्या मधल्या वेळात. या मार्गदर्शिकेच्या परीक्षकाने पहिला नंबर काकूंना दिला आहे, आणि बाईंनी त्यावर हरकत घेतलेली नाही. ‘गीतारहस्य’ दोघींनीही उघडलं नाही. पुढच्या वर्षीच्या यादीत ते पुन्हा डिसेंबरलाच आहे.

पुढच्या महिन्याचं पुस्तक ‘रथचक्र’, १९६२ चं. एकाच खंडात आहे. तेव्हा वाचकांनो, आंजर्ल्याला येणार असाल तर मोदक किती हवेत ते आदल्या दिवशी सकाळीच कळवा. पानावर बसल्यावर वाढवून मागू नका.