जवारी काढून आणली हो!

अहो वहिनी, पापड मग उलटा, आधी जरा भिंतीशी या. काल संध्याकाळी आमचे हे रिक्षातून काय घेऊन उतरले म्हणून अख्ख्या गल्लीनं माना वर केल्या होत्या, ते सांगते. समोरच्या काकूंनी तर आज सकाळी दूध घेताना मला विचारलं, "पाळणा आणलात का?" आमच्या वयाला पाळणा! गवसणीतली सतार होती ती. मिरजेला दिली होती ना, ती आली. जवारी काढून आणली.

हसू नका. तुमच्या साहेबांनीच मध्ये यांना विचारलं होतं म्हणे, "तुमच्याकडचं डासांचं मशीन बिघडलंय का?" मला राग आला, पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. सूरच तसा येत होता. त्याचं काय होतं, तारा ज्या रुंद पट्टीवरनं जातात ना, ती घोडी. वाजवून वाजवून तार त्या घोडीत खाच पाडते. पट्टीला जी बारीकशी उतरण दिलेली असते ती गेली की तार नुसती आदळते. मग कितीही छान वाजवा, सूर चेपलेला तरी येतो नाहीतर किरकिरतो. ती उतरण परत घासून आणायची म्हणजे जवारी काढायची. दिसायला दोन बोटांचं काम, पण सगळी सतार त्यावर उभी.

मी स्वतः गेले होते द्यायला. सतारमेकर गल्लीत. तुम्ही मिरजेला जाता त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नाहीतर दर्ग्याला. कधी त्या गल्लीत डोकावा. दुकानांच्या दारात भोपळे टांगलेले असतात, हे एवढाले. कडू भोपळे हो, भाजीचे नव्हेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतात. मला बघून एका पोरानं विचारलं, "मावशी, तंबोरा का सतार?" म्हटलं, सतार, आणि तीही सासूबाईंची, तेव्हा जपून.

कारागीर वयस्क होते. त्यांनी काय केलं माहिताय? सतार मांडीवर घेतली, एक तार छेडली आणि डोळे मिटून नुसते ऐकत बसले. मग तारा सैल केल्या, घोडी काढून उजेडाकडे धरली आणि खाच मला दाखवली. नखानं चाचपली तर कळत होती, डोळ्यांना धड दिसतही नव्हती. मग कानस. दोन हात मारायचे, फुंकर घालायची, घोडी जागेवर बसवायची, तार चढवायची, छेडायची, मान हलवायची, की परत तार सैल. असं किती वेळा! मी मनात म्हटलं, मला एक खीर दोनदा ढवळायचा कंटाळा. मध्येच त्यांनी विचारलं, "खुली पाहिजे का बंद?" म्हणजे झणझणीत नाद हवा का गोलसर. मी गोंधळले. तर बरोबर आलेल्या आमच्या ह्यांना काय वाटलं, दुकान बंद व्हायची वेळ झाली. म्हणाले, "अर्धा तास अजून उघडं ठेवा की!" कारागीर इतके हसले की कानस खाली ठेवली त्यांनी. ठेवून जा म्हणाले मग, घाईचं काम नाही हे.

जुनी घोडी सांबरशिंगाची होती. वन्यजीवांच्या कायद्यानं आता शिंगाला मनाई, त्यामुळे नवीन घोड्या एबनीच्या नाहीतर कसल्याशा कृत्रिम मालाच्या असतात. आमची जुनीच घासून दिली. अजून एक पिढी चालेल म्हणाले.

तिथं बसल्या बसल्या त्यांनीच गोष्ट सांगितली. त्यांचे पूर्वज शिकलगार. तलवारींना धार लावणारे, हत्यारं करणारे. इंग्रज आले, संस्थानांच्या लढाया संपल्या, तलवारीला गिऱ्हाईक उरेना. मग एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला आणि तिथून सगळी गल्ली सतारी-तंबोऱ्यांची झाली. पटवर्धन सरकारांच्या दरबारी गवई यायचे, त्यांची वाद्यं मोडायची, कुणीतरी दुरुस्त करणारा हवाच होता. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले. त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि उरुसाला तिथं गवई हजेरी लावतात, हे तुम्हाला माहीतच आहे, तुमचे सासरे जायचे ना रात्र-रात्र ऐकायला. आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. आपल्याकडच्या हळदीला मिळालंय ना, तेच. हळद काय आपण रोज खातो, पण सतार कोण किती घेतो? पोरं या धंद्यात राहायला तयार नाहीत, हे ते स्वतःच म्हणाले. मानांकनाचा कागद भिंतीवर छान दिसतो, भोपळा मात्र कुणीतरी कापावाच लागतो.

धाकट्याला हे सगळं सांगितलं, तर तो त्याच्या फिजिक्सवर गेला. म्हणे, सी. व्ही. रामन यांनी याच घोडीवर अभ्यास केला होता, १९२१ साली लेख लिहिलाय त्यांनी, तंबोऱ्यावर आणि वीणेवर. तार त्या उतरणीला हलके हलके चाटत राहते म्हणून एका सुरातून वरचे इतके सूर सुटतात म्हणे. पुस्तकाच्या नियमानं तार जिथं छेडली तिथं काही सूर उमटायलाच नकोत, आणि इथं ते खुशाल उमटतात. मी म्हटलं, बाबा रे, ते कारागीर एक यत्ता शिकलेत की नाही कोण जाणे, पण कानसेला सगळं ठाऊक आहे. तर म्हणतो, "म्हणूनच तर रामननी लेख लिहिला, आई!"

सासूबाईंचं काय विचारता! काल सतार आली, तेव्हा त्या कॉटवर पडून होत्या. गुडघे धरलेत ना त्यांचे. गवसणी काढल्याबरोबर उठून बसल्या. "खर्ज छेड बघू." मी छेडला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता कसं पोटातनं बोलतेय." लग्नाच्या आधी शिकल्या होत्या त्या. तेव्हा मुलगी बघायला आले की विचारायचेच की, पेटी येते का, गाणं येतं का. सासूबाईंना सतार यायची म्हणून स्थळ लगेच जमलं, असं आत्याबाई सांगायच्या. आणि लग्न जमल्यावर? सतार खुंटीला. दीर, नणंदा, पाहुणे, पंगती. मी या घरात आले तेव्हा ती गवसणीत भिंतीवर होती. मी फक्त जळमटं काढायची. २०१९च्या पुरात आपल्या गल्लीत पाणी शिरलं ना, आठवतंय? मी गव्हाच्या कोठीकडे धावले, तर सासूबाई ओरडल्या, "आधी सतार माळ्यावर टाक, गहू मग!" गहू भिजले दोन पोती. त्यानंतरच मी शिकायचं मनावर घेतलं बहुतेक. जिच्यासाठी दोन पोती गहू गेले, ती वाजते तरी कशी ते बघू म्हटलं.

आणि वहिनी, खरं सांगू? वाजवण्यापेक्षा मला जुळवण्यातच जास्त मजा येते. गुरुजी म्हणतात हे उलटं आहे. असू दे. मुख्य सात तारा असतात, ते काही विशेष नाही. पण त्यांच्या खाली, पडद्यांच्या खालून, आणखी बारीक तारा जातात, आमच्या सतारीला अकरा आहेत. तरफेच्या तारा. त्यांना हात लावायचा नाही, त्या आपोआप बोलतात. वर तुम्ही गंधार वाजवला की खालची गंधाराची तार स्वतःहून थरथरते. मात्र ती अगदी नेमकी जुळलेली हवी, केसभर उतरली की मुकी. म्हणून सकाळी डबे गेले, पहिला कुकर उतरला, की मी बसते. डावं पाऊल भोपळ्याखाली, उजवा पाय वरून. दहा मिनिटांत डाव्या पायाला मुंग्या. उन्हाळ्यात लाकूड सुकतं, खुंटी फिरवली की सर्रकन मागे घसरते. तिला खडू लावायचा. पावसाळ्यात ती फुगून बसते, फिरता फिरत नाही. एक जुळवली की दुसरी उतरते. अकराच्या अकरा लागल्या की मग वरची एक तार फक्त हलकेच छेडायची आणि हात काढून घ्यायचा. सगळं भांडं भरून येतं आतून. एवढ्यासाठी मी बसते हो. पुढची गत नाही जमली तरी चालतं.

गंमत ऐका. सतार मिरजेला द्यायच्या आधी एकदा भाजीवाला गल्लीत आला, "मेथीऽऽ" म्हणून त्यानं हाक दिली, आणि कोपऱ्यात ठेवलेली सतार आपली आपण गुणगुणली! मी लसूण सोलत होते, दचकले. त्याचा मेथीतला "थी" नेमका माझ्या पंचमाला लागत असणार. मी धावत बाहेर जाऊन त्याला म्हटलं, परत ओरड बरं. त्याला वाटलं मी भावासाठी भांडायला आलेय. आमच्या ह्यांच्या शिंकेला मात्र ती काही दाद देत नाही. शिंक बेसूर आहे हे आता सिद्धच झालं.

हा हात बघा. हे पहिलं बोट आणि हे मधलं. चर पडलेत ना? तुमच्या जाऊबाईंना वाटलं विळीनं कापलं. तारेचे आहेत. तार बोटाखाली पडद्यावरून बाजूला ओढायची, म्हणजे मींड. सुरुवातीला डोळ्यांत पाणी यायचं. खोबरेल तेलात भिजवलेला कापूस डबीत ठेवलाय, बोट त्यावर टेकवायचं की तारेवरनं सुळकन जातं. हळदी-कुंकवाची जुनी डबी आहे ती. सासूबाईंनीच दिली, "देवाची नाहीये, घे" म्हणून. उजव्या तर्जनीत ही नखी. ही हरवली की दिवस संपला. एकदा चहाच्या गाळणीत सापडली.

आणि सासूबाई कॉटवरनं सगळं ऐकतात हं. काल यमन वाजवत होते, आतनं आवाज आला, "मध्यम चढलाय, पडदा सरकव." पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात ना, खालीवर सरकतात. मी सरकवला. "आता रिषभ झोपला." अहो, टीव्हीचा आवाज मोठा करा म्हणून रोज ओरडणारी बाई ही! टीव्ही ऐकू येत नाही आणि केसभर उतरलेला रिषभ ऐकू येतो. मी कानाच्या डॉक्टरांना विचारणार आहे.

पण लोकांचं एक मला कळत नाही. भिशीत सांगितलं की सतार शिकतेय, तर पहिला प्रश्न, "परीक्षा दिलीत का?" दुसरा, "कार्यक्रम कधी?" प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, सगळी उतरंड त्यांना पाठ. परीक्षा वाईट नाहीत हो. पलुसकरबुवा मिरजेतच शिकले, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे; पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, म्हणून तर गाणं घराघरांत आलं. नाहीतर तुमच्या-माझ्या घरच्या मुलींना कोण शिकवत होतं? पण मला या वयात विशारद होऊन कुणाला दाखवायचंय? स्थळ तर जमलंय की माझं, तीस-बत्तीस वर्षांपूर्वी! आता जरा उगीचच काहीतरी करते म्हटलं. स्वयंपाकाला चव आली का, हे सगळे विचारतात. माझ्या मसीतखानी गतीला सम सापडली का, हे मला एकटीला कळतं. दिर दा दिर दा रा दा दा रा, बाराव्या मात्रेपासनं उचलायचं आणि बरोबर समेवर पडायचं. काल डाळ उतू गेली, पण पडले.

तुम्ही का गप्प झालात? काय? तुमच्याकडे बुलबुलतरंग आहे? कुठे? माळ्यावर, पितळी घागरीच्या मागे? आणि इतकी वर्षं बोलला नाहीत! वडिलांनी आणून दिला होता? मग लग्नात बरोबर आणलात आणि परत काढलाच नाहीत. तुमचंही सासूबाईंसारखंच की. त्याच्यावर काय वाजवायचात? सिनेमाची गाणी? मग चांगलंच आहे, मला यमनाशिवाय अजून काही येत नाही.

आता असं करा, आज दुपारी धाकट्याला माळ्यावर चढवा. बटणं गंजली असतील, तारा तर गेल्याच समजा. तेल-बिल घालू नका हं आपल्या मनानं, लाकूड खाईल ते. मी परवा मिरजेला जाणारच आहे, चिकारीची एक तार आणायचीये, बरोबर घेऊन जाते. नाहीतर तुम्हीच चला, दर्ग्यालाही जाऊन येऊ, येताना बसनं येऊ. शिडी मात्र आमच्याकडची न्या, तुमची डगमगते. आणि पापड बघा आधी, तो कावळा केव्हाचा टपलाय.